हरित मार्गांचे जाळे आणि राहून गेलेले दुवे

महानगर प्रदेशातील हरित मार्गांचे जाळे आखण्यासाठी समन्वय समिती नेमली गेली आणि तिच्या तांत्रिक गटात मी नगररचनाकार म्हणून दाखल झाले, तेव्हा आमच्यापुढे कोरा कागद नव्हता. प्रदेशातल्या बहुतेक नगरपालिकांनी आपापल्या हद्दीत काही ना काही करून ठेवले होते. कुणी नदीकाठी संरक्षक भिंत बांधून तिच्या माथ्यावरून फिरण्याचा मार्ग काढला होता, कुणी कालव्याच्या देखभालीचा रस्ता झाडे लावून पादचाऱ्यांसाठी खुला केला होता, तर कुणी तळ्याभोवती सायकलींसाठी फेरी तयार केली होती. या सर्वांच्या लांबीची बेरीज भरघोस होती आणि अहवालांमध्ये ती ठळकपणे छापली जात असे. मात्र हेच सगळे मार्ग आम्ही एका नकाशावर एकाच रंगात उतरवले, तेव्हा बहुतेक मार्ग एकमेकांपर्यंत पोहोचतच नसल्याचे दिसले. मार्ग जिथे संपत होता, तिथे पुढे सहापदरी रस्ता, रेल्वेचा भराव, नाल्याचे तोंड किंवा नुसतीच शेजारच्या नगरपालिकेची हद्द होती. या कामात माझे जे मत पक्के होत गेले, ते आधीच सांगते. अशा जाळ्याचे यश त्याच्या एकूण लांबीवर ठरत नाही, ते या राहून गेलेल्या दुव्यांवर ठरते. म्हणून आखणीत, निधीत आणि मनुष्यबळात पहिला वाटा त्यांनाच मिळायला हवा.

सकाळी पाय मोकळे करायला निघालेल्याला घराजवळचा एखादा तुकडा पुरतो. तो टोकापर्यंत जातो आणि परत फिरतो. कामावर, शाळेत किंवा दवाखान्यात निघालेल्याचे तसे नसते. त्याच्या वाटेत एकच जागा धोक्याची असली, तरी तो ती संपूर्ण वाट सोडून देतो. पोर्टलंड शहराचे सायकल समन्वयक रॉजर गेलर यांनी २००६ च्या सुमारास आपल्या शहरातील लोकांचे चार गट कल्पिले होते. कोणत्याही रस्त्यावर बेधडक सायकल घालणारे जेमतेम १ टक्का, बऱ्यापैकी आत्मविश्वास असलेले ७ टक्के आणि काही झाले तरी सायकलीला हात न लावणारे सुमारे ३३ टक्के, असा त्यांचा अंदाज होता. उरलेले सुमारे ६० टक्के लोक सायकल चालवायला तयार असतात, पण वाहनांच्या भीतीने चालवत नाहीत. हे प्रमाण प्रत्येक शहरात तंतोतंत तेच निघेल असे नाही. तरीही आमच्या कामाची दिशा ठरवायला ही विभागणी फार उपयोगी पडली, कारण दुवे जोडायचे ते मुख्यतः या मोठ्या गटासाठी. चार किलोमीटरचे दोन मार्ग आहेत आणि त्यांच्यामध्ये ३०० मीटरची तूट आहे, असे समजा. ती तूट भरली की आठ किलोमीटरहून लांब सलग मार्ग हाती येतो. तेवढ्याच प्रयत्नात दूरच्या टोकाला आणखी ३०० मीटर वाढवले, तर ३०० मीटरच वाढतात. हे गणित इतके सरळ असूनही, बैठकांमध्ये ते पटवून द्यायला मला फार वेळ लागला. तुटीचे काम महाग असते आणि उद्घाटनाच्या दिवशी दाखवायला त्यात लांबी नसते.

हा विचार नवा नाही, हे जुने आराखडे अभ्यासताना आमच्या लक्षात आले. बॉस्टनमध्ये फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी १८७८ पासून उद्यानांची जी साखळी उभी केली आणि जी आज ‘एमराल्ड नेकलेस’ म्हणून ओळखली जाते, तिची सुरुवात सौंदर्यापेक्षा सांडपाण्याने कुजलेल्या दलदलीच्या आणि मडी नदीच्या पुराच्या बंदोबस्तातून झाली होती. त्यांचे शिष्य आणि पुढे सहकारी झालेले चार्ल्स एलियट यांनी त्याहून महत्त्वाची गोष्ट ओळखली: नद्या, टेकड्या आणि किनारे पालिकांच्या हद्दी पाळत नाहीत, म्हणून त्यांचा सांभाळ करणारी यंत्रणाही हद्दींच्या वरची हवी. त्यांच्या प्रयत्नांतून १८९३ मध्ये बॉस्टन परिसरासाठी महानगर उद्यान आयोग स्थापन झाला. पोर्टलंडसाठी ओल्मस्टेड बंधूंच्या संस्थेने १९०३ मध्ये शहराभोवतीच्या उद्यानांना जोडणाऱ्या मार्गाची कल्पना मांडली. त्यातून पुढे आलेल्या ‘फॉर्टी माइल लूप’चा विस्तार आता सुमारे १४० मैलांवर गेला आहे, आणि शतकाहून अधिक काळ लोटल्यावरही त्यात काही दुवे बाकी आहेत. सिंगापूरने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पाण्याच्या निचऱ्यासाठी आणि रस्त्यांसाठी राखून ठेवलेल्या पट्ट्यांमधून उद्यानांना जोडणारे मार्ग काढले आणि हे जाळे आज ३०० किलोमीटरच्या पुढे गेले आहे. आमच्यासाठी हे शेवटचे उदाहरण सर्वांत कामाचे ठरले. नवी जमीन शोधण्याऐवजी आधीच राखीव असलेल्या जमिनीला दुसरे काम देण्याची ती पद्धत होती. अर्थात तिथे शासन एक आहे आणि आमच्याकडे हद्दी अनेक होत्या, हा फरक आम्ही नजरेआड होऊ दिला नाही.

आखणीचे पहिले काम पायी झाले. उपग्रहचित्रे आणि जमिनीच्या नोंदींचे थर संगणकावर एकमेकांवर ठेवले की संभाव्य रेषा मिळतात. पण भिंतीला पाडलेले भगदाड, गुडघ्याएवढ्या उंचीवरून आडवी गेलेली मलवाहिनी किंवा लोकांनी वर्षानुवर्षे चालून पाडलेली वाट चित्रात दिसत नाही. आमच्या रेषा चार प्रकारच्या जमिनींवरून जात होत्या: नदी आणि तिला मिळणारे नाले, कालव्याचा काठ, बंद पडलेला मालवाहतुकीचा रेल्वेमार्ग आणि उच्चदाब वीजवाहिनीखालचा मोकळा पट्टा. यांतील प्रत्येकाची प्रकृती वेगळी. नाल्याकाठी सावली असते, पण पुराची भीती असते. वीजवाहिनीखाली जागा ऐसपैस असते, पण उंच झाडे लावता येत नाहीत. रेल्वेमार्गाचा चढ-उतार सौम्य असतो, त्यामुळे सायकल आणि चाकांची खुर्ची यांसाठी तो आयता तयार मार्ग असतो, पण त्याची मालकी सर्वांत गुंतागुंतीची.

एका पाहणीचे वर्णन सविस्तर करते, कारण पुढच्या अनेक निर्णयांची दिशा तिथे ठरली. नदीला मिळणाऱ्या एका मोठ्या नाल्याच्या दोन्ही अंगांना मार्ग तयार होते, पण मध्ये चालू रेल्वेचा उंच भराव होता आणि त्याखालून नाला तीन गाळ्यांच्या दगडी कमानींतून जात होता. मधल्या आणि डाव्या गाळ्यातून पाणी वाहत होते. उजवा गाळा कमरेएवढ्या गाळाने भरला होता. कमानीच्या आतल्या दगडांवर जुन्या पुरांच्या तपकिरी रेघा एकाखाली एक उमटल्या होत्या आणि सांध्यांतून फुटलेल्या मुळांना प्लास्टिकच्या चिंध्या अडकून राहिल्या होत्या. गाळावर लहान पावलांचे पुष्कळ ठसे होते आणि तोंडाशी साचलेल्या पाण्यावर कुणीतरी एक फळी टाकलेली होती. म्हणजे पलीकडच्या वस्तीतील मुले शाळेत जायला हाच रस्ता वापरत होती. आम्ही गाळापासून कमानीच्या माथ्यापर्यंत फीत धरली, तर उंची दोन मीटरहून थोडी अधिक भरली. एवढ्या उंचीत मार्ग काढता येत नाही. तेव्हा रेल्वेच्या देखभाल पथकातले एक वयस्कर कामगार म्हणाले, “बाई, हा गाळ वरचा आहे. खाली मूळची फरशी असणार, बघा.” त्यांनी लोखंडी पहार गाळात दाबत नेली आणि ती कमरेच्या खोलीवर दगडावर खणखणीत आपटली. पुढे सरकून त्यांनी आणखी काही ठिकाणी पहार रोवली आणि प्रत्येक वेळी तोच आवाज आला. गाळ काढल्यास तीन मीटरची मोकळी उंची मिळणार होती, आणि सर्वसाधारण मार्गासाठी तेवढीच लागते.

त्या जागी आधीच्या प्रस्तावात पादचारी पूल दाखवला होता. चालू रेल्वेवरून पूल न्यायचा तर गाडीची उंची, विजेच्या तारा आणि त्यांच्यावरची सुरक्षित जागा धरून जमिनीपासून सात मीटरच्या आसपास चढावे लागते. चाकाच्या खुर्चीला आणि सायकलीला झेपणारा उतार साधारणपणे २० मीटरला १ मीटर, म्हणजे ५ टक्के धरला, तर एका बाजूचा चढच १४० मीटर लांबीचा होतो आणि दोन्ही बाजूंना तेवढी जागा लागते. जागा नसली की चढाऐवजी जिने येतात, आणि जिने आले की लहान मूल घेऊन निघालेले, वृद्ध, सायकलस्वार आणि खुर्चीवरचे लोक त्या मार्गातून वगळले जातात. भुयारी मार्गासाठी माणसाच्या उंचीपुरतेच खाली उतरावे लागते, शिवाय उतारावर आलेला वेग पुढचा चढ चढायला उपयोगी पडतो. भुयारी मार्गांविषयी लोकांच्या मनात जी भीती असते ती खरी आहे आणि ती दूर करणे हे आखणी करणाऱ्याचेच काम आहे: आत शिरण्यापूर्वी दुसरे टोक दिसले पाहिजे, मधे वळण असता कामा नये, रुंदी कंजूष नसावी आणि दिवसाही दिवा लागलेला असावा. आमच्या कमानीतून पलीकडची झाडे सरळ दिसत होती. म्हणून पुलाचा प्रस्ताव मागे घेऊन आम्ही कमानीचा पर्याय निवडला.

जमिनीच्या कागदपत्रांत मात्र अशी सरळ रेषा कुठेच नव्हती. बंद पडलेला रेल्वेमार्ग वरून कितीही सलग दिसला, तरी नोंदींमध्ये तो क्वचितच तसा असतो. कित्येक ठिकाणी रेल्वेला जमीन विकलेली नसते, केवळ रेल्वे चालवण्यापुरता वहिवाटीचा हक्क दिलेला असतो. मार्ग कायमचा बंद झाला की तो हक्क संपतो आणि जमीन शेजारच्या मालकांकडे परत जाते. पट्टा एकदा असा वाटला गेला की पुन्हा जोडणे जवळपास अशक्य होते. अमेरिकेत याच अडचणीवर १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून उपाय काढला गेला: पुढेमागे रेल्वे पुन्हा सुरू करता यावी म्हणून पट्टा राखून ठेवायचा आणि दरम्यानच्या काळात तो पायवाट म्हणून वापरायचा. १९९० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद घटनात्मक ठरवली आणि ज्या मालकांचा हक्क हिरावला जातो त्यांना भरपाई मागण्याचा मार्गही मोकळा ठेवला. हा दुसरा भाग मला फार मोलाचा वाटतो. सार्वजनिक हिताचे काम आहे म्हणून एखाद्याच्या जमिनीवरचा दावा हलक्यात घ्यायचा नसतो.

आम्हाला असा कायदेशीर आधार आयता नव्हता, म्हणून एकेका मालकाशी आणि एकेका खात्याशी स्वतंत्र करार करावे लागले. त्यातून एक पद्धत हळूहळू घडत गेली. समोरच्या खात्याकडे जागा मागायला जाण्यापूर्वी त्या जागेवर त्या खात्याला काय काम करायचे असते, हे आम्ही समजून घेऊ लागलो. कालव्याच्या खात्याला वर्षातून काही काळ गाळ उपसणारे यंत्र काठावरून न्यावे लागते. वीज कंपनीची वाहने मनोऱ्यांपर्यंत पोहोचली पाहिजेत. तेव्हा आमच्या मार्गाचा पाया या वाहनांचे वजन पेलेल इतका भक्कम करू, फाटकाच्या किल्ल्या तुमच्याकडे राहतील आणि कामाच्या दिवशी मार्ग बंद ठेवण्याचा अधिकारही तुमचाच, असे लिहून दिल्यावर बोलण्याचा सूर बदलला. आतापर्यंत चिखलातून जाणाऱ्या त्यांच्या माणसांना पक्का रस्ता मिळणार होता. याचा अर्थ सगळे सुरळीत झाले असा नाही. एका खात्याने ना हरकत पत्र देताना दर वर्षी नव्याने परवानगी घेण्याची अट घातली आणि ती काढून घेण्यासाठी आम्हाला दीर्घकाळ पत्रव्यवहार करावा लागला. वर्षभराच्या परवानगीवर कोणतीही नगरपालिका पक्के बांधकाम करू शकत नाही, आणि तिने करूही नये.

लोकांबरोबरच्या बैठकांविषयी लिहिल्याशिवाय हे निवेदन अपुरे राहील. कालव्याच्या काठावर ज्यांच्या घरांच्या मागच्या भिंती येतात, त्यांचा विरोध सर्वांत तीव्र होता. आमच्या परसात डोकावले जाईल, चोऱ्या वाढतील, रात्री टोळकी बसतील, अशी त्यांची भीती होती. सभागृहात चित्रे दाखवून ही भीती जात नाही, हे ओळखून आम्ही त्यांनाच काठावरून चालायला बोलावले. एका घरामागे थांबल्यावर तिथल्या आजींनी मला त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी दाखवली आणि म्हणाल्या, “तुम्ही इथून चालणार, म्हणजे मी दिवसभर पडदा ओढून बसायचं का?” त्यांचे म्हणणे रास्त होते. काठ उंच होता आणि खिडकी नेमकी चालणाऱ्याच्या नजरेच्या पातळीला येत होती. त्या टप्प्यात मार्ग काठाच्या पाण्याकडच्या अंगाला सरकवला, घरांच्या बाजूला दाट झुडपांची ओळ धरली आणि विसाव्याचे बाक तिथून हलवून पुढच्या मोकळ्या जागेत नेले. आजींनी नंतर स्वतःच्या भिंतीला फाटक मागितले. शेजारच्या काही घरांनीही ते मागितले, आणि ज्यांना नको होते त्यांना आम्ही आग्रह केला नाही. विरोधामागे बहुतेक वेळा एखादी ठोस, मोजता येणारी गोष्ट असते. ती सापडेपर्यंत ऐकून घेण्याची तयारी आखणी करणाऱ्यांकडे असायला हवी.

ज्यांना विरोध करायलाही कुणी बोलावत नाही, त्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. नाल्याकाठी कागदपत्रांविना राहणारी कुटुंबे अनेक महानगरांत असतात आणि हरित पट्ट्याच्या नकाशात त्यांची घरे ‘अतिक्रमण’ या एका शब्दात मावतात. त्याच वेळी, मार्ग झाला की आसपासच्या घरांच्या किमती आणि भाडी वाढतात, आणि ज्यांना चालण्याच्या सुरक्षित वाटेची सर्वाधिक गरज असते तेच लोक दूर लोटले जातात. अटलांटाच्या बेल्टलाइन प्रकल्पाकडे आम्ही या दृष्टीने बारकाईने पाहिले. रायन ग्रॅव्हेल यांच्या १९९९ मधील पदव्युत्तर प्रबंधातून निघालेली ही कल्पना शहराभोवतीच्या जुन्या रेल्वेमार्गांची सुमारे २२ मैलांची फेरी लोकांसाठी खुली करण्याची होती. २००५ मध्ये तिच्यासाठी विशेष कर क्षेत्र ठरवले गेले आणि परवडणारी ५,६०० घरे उभारण्याचे उद्दिष्टही घेतले गेले. तरीही घरांच्या प्रश्नाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, या कारणाने स्वतः ग्रॅव्हेल यांनी २०१६ मध्ये प्रकल्पाशी संलग्न संस्थेच्या संचालक मंडळाचा राजीनामा दिला. ज्याची कल्पना, त्यानेच असे पाऊल उचलावे, ही गोष्ट मी आमच्या समितीपुढे पुन्हा पुन्हा ठेवली. मार्गासाठी कुणाचेही घर हलवायचे नाही, रेषा वळवायची, हा नियम आम्ही करून घेतला. काही ठिकाणी त्यामुळे मार्ग नाल्याचा काठ सोडून वस्तीच्या आतल्या शांत गल्लीतून गेला. आराखड्याच्या चित्रात तो सुंदर दिसत नाही. पण त्या गल्लीतले लोक आज त्याचा सर्वाधिक वापर करतात. भाडेवाढीवर मात्र आमच्या समितीचा कोणताही अधिकार चालत नव्हता. गृहनिर्माणाचे खाते पहिल्या दिवसापासून सोबत असायला हवे होते, असे मला आजही तीव्रतेने वाटते, आणि नव्याने असे काम हाती घेणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सांगते.

मार्गाच्या रचनेचे नियम बऱ्याच अंशी ठरलेले असतात आणि ते पाळणेच श्रेयस्कर. दोन्ही दिशांनी चालणारे आणि सायकलस्वार एकत्र वापरणार असतील, तर तीन मीटर ही किमान रुंदी समजावी आणि गर्दीच्या ठिकाणी ती चारच्या पुढे न्यावी. दोन्ही कडांना निदान अर्ध्या मीटरहून अधिक मोकळी पट्टी असावी, म्हणजे घसरलेले चाक थेट खांबावर किंवा कुंपणावर आदळत नाही. पाणी वाहून जाण्यासाठी दिलेला आडवा उतार २ टक्क्यांहून अधिक असू नये, नाहीतर चाकाची खुर्ची सतत एका अंगाला ओढली जाते. मोटारी आत येऊ नयेत म्हणून तोंडाशी मधोमध लोखंडी खांब रोवण्याची सवय सगळीकडे आहे. तेच खांब संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात सायकलस्वारांना जखमी करतात. त्याऐवजी प्रवेशाशी मार्ग दोन अरुंद शाखांत विभागून मध्ये झुडपे लावली, तर मोटारीला वळायला जागा उरत नाही आणि सायकल, खुर्ची मात्र सहज जाते. झाडांच्या बाबतीत आमच्या वनस्पतितज्ज्ञ सहकाऱ्यांनी एक अट घातली आणि ती शेवटपर्यंत सोडली नाही: जुन्या झाडाच्या विस्ताराखाली यंत्र न्यायचे नाही, कारण माती दाबली गेली की मुळांना हवा मिळत नाही आणि झाड काही वर्षांनी, कुणाच्या लक्षात न येता, वाळत जाते. त्या टप्प्यांमध्ये खोदाई हाताने झाली आणि काही ठिकाणी मार्ग जमिनीपासून उचलून लाकडी फळ्यांवरून नेला. दिव्यांचाही असाच काटेकोर विचार करावा लागला. चौकांत, भुयारात आणि वस्तीजवळ दिवे हवेतच. पण पाण्याकाठच्या लांब टप्प्यांत रात्रभर प्रखर उजेड ठेवला तर वटवाघळे, कीटक आणि पक्ष्यांचे जीवन विस्कटते. म्हणून तिथे कमी उंचीचे, फक्त खाली प्रकाश टाकणारे, पिवळसर दिवे दिले आणि काही भाग जाणीवपूर्वक अंधारात ठेवला.

नाल्याकाठचा मार्ग कधीतरी पाण्याखाली जाणारच, हे गृहीत धरून तो बांधावा लागतो. डेन्व्हर शहरात १९६५ च्या महापुरानंतर साउथ प्लॅट नदीचा काठ सुधारण्याचे काम १९७४ मध्ये हाती घेतले गेले, आणि नदीला तिची जागा देऊनच लोकांना काठावर आणता येते, हे त्या कामातून दिसले. आमच्या कमानीतला मार्ग काँक्रीटचा केला, कारण डांबर वाहत्या पाण्याखाली टिकत नाही. विजेच्या सर्व जोडण्या पुराच्या जुन्या रेघांच्या वर घेतल्या, कठडे पाण्याबरोबर वाहून येणारा कचरा अडकणार नाही अशा विरळ आडव्या नळ्यांचे ठेवले आणि दोन्ही तोंडांना पाण्याची पातळी वाढताच मार्ग बंद करण्याची फाटके बसवली. काम चालू रेल्वेखाली असल्यामुळे ते गाड्यांच्या वेळा सांभाळून, रेल्वेच्या अभियंत्यांच्या देखरेखीखाली करावे लागले. गाळ निघाल्यावर खालची घडीव दगडांची फरशी पूर्ण उघडी पडली. ती इतकी शाबूत होती की कडेचा एक पट्टा झाकायचा नाही, असे आम्ही ठरवले, आणि आज त्या पट्ट्यावर पाण्याचा निचरा होतो.

बांधकामापेक्षा जास्त चर्चा झाली ती नंतरच्या देखभालीवर. कमान एका नगरपालिकेच्या हद्दीत, पलीकडचा चढ दुसरीच्या हद्दीत, भराव रेल्वेचा आणि नाला जलनिःसारण खात्याचा. पूर ओसरल्यावर गाळ कोणी काढायचा? हा प्रश्न सोडवल्याशिवाय मार्ग खुला करायचा नाही, यावर मी ठाम राहिले, कारण दोन हद्दींच्या मधला चिखलाने भरलेला दुवा माणसाला एकदाच अडवतो; तो दुसऱ्यांदा येतच नाही. शेवटी सर्व दुव्यांच्या देखभालीसाठी एक सामाईक निधी आणि एकच पथक ठरले. लांबीच्या प्रमाणात वर्गणी घ्यावी असा एक आग्रह होता. त्याऐवजी लोकसंख्येच्या प्रमाणात घ्यावी असे ठरले, कारण दुवा ज्याच्या हद्दीत असतो त्याच्यापेक्षा त्याचा लाभ पलीकडच्यांना अधिक होऊ शकतो. फलकांचेही असेच झाले. प्रत्येक संस्थेला आपले बोधचिन्ह मोठे हवे होते. आम्ही फलकावर पुढचे ठिकाण, अंतर आणि चालत लागणारा वेळ एवढेच मोठ्या अक्षरांत ठेवले आणि सर्व बोधचिन्हे खाली एका ओळीत, एकाच आकारात घेतली.

मार्ग खुला झाल्यावर आम्ही कमानीत आणि तिच्या दोन्ही अंगांच्या जुन्या मार्गांवर मोजणीची यंत्रे बसवली. सर्वांत जास्त वाढ दुव्यापेक्षा त्याच्या दोन्ही बाजूंच्या, कित्येक वर्षे तसेच पडून असलेल्या मार्गांवर दिसली, आणि ती सुट्टीच्या दिवसांपेक्षा कामाच्या दिवशी सकाळी अधिक होती. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी तर तिथे मुलांची रीघ लागते. या नोंदी हाती आल्यावर निधीच्या बैठकीत लांबीचा आकडा मागे पडला. आता अहवालात जाळ्याची एकूण लांबी छापली जाते त्याच्याशेजारी सलग चालता येणाऱ्या सर्वांत मोठ्या भागाची लांबीही छापली जाते, आणि पुढच्या कामांचा क्रम या दुसऱ्या आकड्यावरून लागतो.

त्या क्रमात सध्या सर्वांत वर असलेला दुवा नदीवरच्या एका जुन्या वाहतुकीच्या पुलाचा आहे. त्याच्या दोन्ही काठांवर आमचे मार्ग येऊन थांबले आहेत आणि पुलावर पादचाऱ्यांसाठी अरुंद, जागोजागी फुटलेली कडा तेवढी आहे. पूल नव्याने बांधण्याचे ठरले आहे, आणि नव्या पुलाचे आयुष्य अनेक दशकांचे असते. आत्ता त्याच्या आराखड्यात संरक्षित मार्गाची रुंदी आणि काठावर उतरणारे सौम्य चढ आले नाहीत, तर ती संधी आमच्या हयातीत पुन्हा येणार नाही. पुलाच्या पहिल्या रेखाटनात मार्गाला दोन मीटर दिले होते. आम्ही मोजणीच्या नोंदी, दोन्ही काठांवरील शाळांची ठिकाणे आणि खुर्ची वापरणाऱ्या नागरिकांनी जुन्या पुलावर केलेल्या पाहणीचा अहवाल जोडून चार मीटरची मागणी केली आहे. सुधारित रेखाटन आले असून त्यात साडेतीन मीटर दाखवले आहेत, उत्तर काठाचा चढ मात्र अजून जिन्याच्या रूपातच आहे. त्या चढासाठी लागणारी जागा पुलाशेजारच्या पाणीपुरवठ्याच्या जुन्या आवारात मिळू शकते, आणि त्या आवाराची मोजणी सध्या सुरू आहे.